बाणाचा पिसारा

माळशिरसाहून पंढरपुराकडे जाणाऱ्या वाटेवरचे वेळापूर हे गाव महाराष्ट्राला मुख्यतः दोन कारणांनी ठाऊक आहे. आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा मुक्काम येथे पडतो, आणि अर्धनारीनटेश्वराचे यादवकालीन हेमाडपंती देऊळ येथे उभे आहे. या गावी सापडलेले शके १२२२ आणि शके १२२७ चे मराठी शिलालेख रामचंद्रदेव यादवाच्या कारकिर्दीतले, म्हणजे अलाउद्दीन खिलजीने १२९६ मध्ये देवगिरीवर झडप घालून खंडणी उकळल्यानंतरच्या दहा वर्षांच्या आतले आहेत, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे त्या शांत शिळांमागील काळ किती अस्वस्थ होता याची कल्पना येते. पुढे जवळपास चार शतकांनी, १६८९ च्या आरंभी, याच माळशिरस तालुक्यातील अकलूज येथे औरंगजेबाची छावणी पडली होती आणि संभाजीराजे पकडले गेल्याची बातमी त्याला तेथेच मिळाली. १६९५ पासून १६९९ पर्यंत त्याच बादशहाचा तळ भीमेच्या काठी ब्रह्मपुरीस, आजच्या मंगळवेढे तालुक्यातील माचणूरजवळ, होता. नीरा आणि भीमा या दोन नद्यांच्या काठचा हा मुलूख अशा रीतीने दोनदा, दोन निरनिराळ्या शतकांत, उत्तरेकडील धनुर्धरांच्या आणि दक्षिणेकडील धनुर्धरांच्या समोरासमोर येण्याच्या काळाचा साक्षी आहे. त्या धनुर्धरांच्या बाणांना लावलेल्या पिसांचा इतिहास हा या लेखाचा विषय.

धनुर्विद्येचा इतिहास लिहिणाऱ्यांनी धनुष्याकडे पुष्कळ पाहिले, बाणाच्या फाळाकडे त्याहून थोडे कमी पाहिले, आणि बाणाच्या शेपटाकडे फारसे कोणी वळलेच नाही. याला सबळ कारण आहे. लोखंडी फाळ जमिनीत शतकानुशतके टिकतो आणि नांगराच्या फाळाला लागून वर येतो. धनुष्य शिलेखान्यात जपले जाते, त्याच्यावर रंगकाम असते, क्वचित धन्याचे नाव असते. पिसाला मात्र कसर लागते. आपल्या संग्रहालयांत जे मोगल वा दख्खनी बाण भात्यांसह ठेवलेले आढळतात, त्यांतील पुष्कळांच्या बोरूच्या काड्या आणि पिसाऱ्याजवळचे लाल-सोनेरी रंगकाम अजून शाबूत असते, पण पिसे झडून गेलेली असतात, आणि जेथे ती चिकटविली होती तेथे रंग न लागलेल्या तीन किंवा चार बारीक रेषा एवढीच त्यांची खूण शिल्लक राहिलेली असते. दगडानेही येथे साथ दिलेली नाही. वेळापुरातल्याप्रमाणे दख्खनात गावोगाव जे वीरगळ उभे आहेत, त्यांवर धनुष्य ओढणारे वीर दिसतात, छातीत रुतलेले बाण दिसतात. परंतु काळ्या पाषाणात हातभर उंचीच्या चौकटीत अख्खी लढाई बसविणाऱ्या पाथरवटाने बाणाची केवळ एक रेघ ओढली, आणि ती ओढताना पिसे गाळली, तर त्याला दोष देता येत नाही.

आणि तरीही बाण सरळ जातो तो पिसांच्या योगाने. फाळ जड असला व काडी सरळ असली, तरी प्रत्यंचा सुटताच मागून बसलेल्या धक्क्याने काडी वाकते, आणि ती हवेत डोलू लागली की कितीही बलवान धनुर्धराचा नेम वाया जातो. मागच्या टोकाला पिसे असली म्हणजे हवा त्या टोकाला मागे खेचते, शेपूट मागेच राहते, डोके पुढे राहते, आणि पंधरावीस पावलांच्या आत काडी सरळ होते. जुन्या लोकांनी हे सूत्ररूपाने मांडले नसले, तरी त्यांना ते पक्के ठाऊक होते, आणि कोणत्या पक्ष्याचे, कोणत्या पंखातले, किती लांबीचे पीस कोणत्या धनुष्याच्या बाणाला लावावे, याविषयी त्यांची मते ठाम होती.

ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलातील युद्धसूक्तात बाणाचे जे वर्णन आहे, त्यात पक्ष्याचे वस्त्र ल्यालेला, हरणाच्या शिंगाचा दात असलेला आणि गाईच्या स्नायूंनी बांधलेला असा बाण डोळ्यांपुढे उभा राहतो. महाभारतात कंकपक्ष्याची, गिधाडाची आणि मोराची पिसे लावलेले बाण पदोपदी येतात. पण या विषयावरची निखळ कारागिरीची माहिती हवी असेल, तर धनुर्वेदाच्या ग्रंथांकडे वळावे लागते. चौदाव्या शतकात, १३६३ च्या सुमारास, सिद्ध झालेल्या ‘शार्ङ्गधरपद्धती’ या संग्रहातील धनुर्वेदप्रकरणात आणि वसिष्ठाच्या नावावर चालत आलेल्या धनुर्वेदसंहितेत हा मजकूर जवळजवळ एकसारखा आढळतो. पिसांसाठी प्रशस्त म्हणून तेथे कावळा, हंस, ससे मारणारा ससाणा, मासे खाणारा पक्षी, क्रौंच, मोर, गिधाड आणि कुररी यांची नावे दिली आहेत. एकेका बाणाला चार पिसे लावावीत, ती सहा अंगुळे लांबीची कापावीत, शिंगाच्या धनुष्याच्या बाणाला मात्र दहा अंगुळांची लावावीत, आणि ती स्नायूंच्या तंतूंनी घट्ट बांधावीत, असा स्पष्ट दंडक तेथे आहे. अंगुळ म्हणजे पाऊण इंच धरला तर साधे पीस साडेचार इंचांचे आणि शिंगी धनुष्याचे साडेसात इंचांचे होते. हे आकडे कवीच्या कल्पनेतले नव्हेत. ज्याने हाताने पिसे कापली, त्याच्या बोटांनी मोजलेले हे माप आहे.

त्याच ग्रंथांत बाणाच्या काडीचेही तीन प्रकार सांगितले आहेत. पुढच्या बाजूस जाड असलेली काडी ती स्त्री, मागच्या बाजूस जाड असलेली तो पुरुष, आणि दोहों टोकांस सारखी ती नपुंसक; पहिली लांब पल्ल्यासाठी, दुसरा कठीण वस्तू भेदण्यासाठी आणि तिसरी नेमबाजीच्या अभ्यासासाठी. काडी फार जाड नसावी, फार बारीक नसावी, पूर्ण पिकलेली आणि पिवळसर असावी, योग्य वेळी कापलेली असावी, करंगळीएवढ्या जाडीची आणि दोन हातांत एक मूठ उणी इतक्या लांबीची असावी. ज्या सोलापूर-मंगळवेढ्याच्या टापूवर कल्याणीच्या चालुक्यांचा अंमल होता, त्यांच्याच घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराने ११२९ मध्ये ‘मानसोल्लास’ रचला आणि त्यात शस्त्रविद्येला राजाच्या विनोदांत, म्हणजे करमणुकींत, स्थान दिले. राजे धनुर्विद्येचा विनोद करीत, पंडित तिचे शास्त्र लिहीत. पण गिधाडाचे पीस कोठून आणायचे, हे या दोघांनाही स्वतः पाहावे लागत नसे. त्याकडे मी पुढे येणारच आहे.

त्याआधी कंकपक्ष्याचा प्रश्न. कोशकारांनी कंक म्हणजे बगळा असा अर्थ रूढ केला आहे, आणि तोच भाषांतरांतून सर्वत्र पसरला आहे. मला तो पटत नाही. महाभारतात युद्ध संपल्यावर रणभूमीवर जे प्राणी गोळा होतात, त्यांत गिधाडे आणि कोल्हे यांच्याबरोबरीने कंक येतो आणि मृतांचे मांस खातो. बगळा मासे, बेडूक, उंदीर खातो, प्रेतावर बसत नाही. शिवाय बगळ्याचे पीस रुंद पण मऊ असते. ज्या बाणाच्या नावातच योद्ध्यांनी त्या पक्ष्याचा अभिमान मिरविला, त्याला त्यांनी ढिले पीस लावले असेल हे संभवत नाही. एखादा मोठा, मांसाहारी, कडक पिसांचा पक्षी कंक या नावाने ओळखला जात असावा असे मानणे मला अधिक सयुक्तिक वाटते.

कडक पीस आणि ढिले पीस यांतला भेद शब्दांनी सांगण्यापेक्षा हातात घेऊन पाहावा. पावसाळा उतरला की मोर आपली पिसे झाडतो. माणदेशाच्या कडेच्या या माळरानात, उसाच्या बांधावर किंवा ओढ्याकाठी ती सापडतात. लोक उचलतात ते डोळ्याचे पीस, आणि नेमके तेच बाणाला निरुपयोगी, कारण त्याचे तंतू एकमेकांना धरून राहत नाहीत, सुटे लोंबतात. बाणासाठी लागते ते मोराच्या पंखातले तांबूस तपकिरी रंगाचे, दिसायला अगदी सामान्य पीस. ते बोटांत धरून टोकाकडून देठाकडे उलटे ओढले तर तंतू फाटून विस्कटतात. तेच पुन्हा देठाकडून टोकाकडे दोन बोटांनी हळुवार निरपले, तर प्रत्येक तंतूवरचे सूक्ष्म आकडे शेजारच्या तंतूत पुन्हा अडकतात आणि फाटलेले पाते जणू शिवल्यासारखे सांधते. एकदा सोडलेला बाण गवतातून शोधून काढल्यावर त्याची पिसे अशीच बोटांनी नीट करून तो पुन्हा भात्यात टाकता येतो. मग दांड्याच्या दोन बाजू पाहाव्यात. एका बाजूचे पाते अरुंद आणि ताठ, दुसऱ्या बाजूचे रुंद; आणि सगळे पीस एका अंगाला किंचित कललेले. डाव्या पंखातले पीस ज्या अंगाला कलते, त्याच्या विरुद्ध अंगाला उजव्या पंखातले कलते. शेपटीतल्या मधल्या पिसाला मात्र असा कल नसतो.

हा कल म्हणजेच पिसाऱ्याचे मर्म. एका बाणाला लावलेली सगळी पिसे एकाच अंगाच्या पंखातली असली, तर हवा त्यांवर एकाच दिशेने दाब देते, बाण आपल्या आसाभोवती फिरू लागतो आणि फिरता फिरता स्थिर होतो. दोन डावी आणि एक उजवे असे मिसळले तर ती एकमेकांविरुद्ध ओढतात आणि बाण भरकटतो. म्हणून पिसे निवडणारा माणूस पक्ष्याची जात पाहण्याच्याही आधी ढिगातून डावी आणि उजवी वेगळी काढतो. धनुर्वेदाच्या ज्या श्लोकांचा मी वर उल्लेख केला त्यांत हे सांगितलेले नाही. ग्रंथकाराला ठाऊक नव्हते म्हणून ते राहिले, असे मी म्हणणार नाही. हाताच्या कसबातील ज्या गोष्टी पहिल्याच दिवशी शिकाव्या लागतात, त्या कोणी लिहून ठेवीत नाही, हेच खरे कारण असावे. जपानातील धनुर्धरांनी मात्र याच गोष्टीचे रीतीत रूपांतर केले. तेथे बाणांची जोडी असते, तिच्यातला ‘हाया’ एका दिशेने फिरतो आणि ‘ओतोया’ त्याच्या उलट दिशेने, आणि आधी हाया सोडावयाचा असा शिरस्ता आहे. त्यामुळे पक्ष्याच्या एका अंगाची पिसे वाया जात नाहीत.

पीस मऊ असण्याचाही एक मोठा गुण आहे. जुन्या धनुष्याला मुठीपाशी बाण जाण्यासाठी खाच नसे. बाण मुठीच्या एका बाजूला टेकलेला असे आणि सुटताना तो मुठीला किंचित वळसा घालून पुढे जाई. अशा वेळी पिसारा मुठीवर किंवा हातावर घासला तरी पीस दबते, चपटे होते आणि लगेच पूर्ववत उभे राहते. त्याच्या जागी कडक पत्रा असता तर त्याने धक्का देऊन बाण बाजूला फेकला असता. मऊपणा आणि ताठपणा यांचा हा जो मेळ एकाच वस्तूत निसर्गाने घातला आहे, त्याला पर्याय माणसाला विसाव्या शतकापर्यंत सापडला नाही. दोष एकच, की भिजले की ते मिटते. हंसासारख्या पाणपक्ष्याचे पीस अंगच्या तेलामुळे थोडा अधिक काळ तग धरते. हंस धनुर्वेदाच्या यादीत आहे तो याच कारणाने असावा. इंग्लंडच्या ओल्या हवेत तर सगळा व्यवहारच हंसाच्या पिसांवर चाले. राजा पाचव्या हेन्रीने १४१७ मध्ये परगण्या-परगण्याच्या अंमलदारांना हुकूम सोडला होता, की पाळीव हंसामागे सहा पिसे काढून लष्कराच्या बाणांसाठी रवाना करावीत. आणि १५४५ मध्ये रॉजर ॲस्कमने धनुर्विद्येवर ग्रंथ लिहिला, तेव्हा मोराच्या पिसाची शोभा बाजूला सारून हंसाच्याच पिसाला त्याने कौल दिला. आपल्याकडे उजनीच्या जलाशयावर हिवाळ्यात येणारा पट्टकदंब हंस पुष्कळांनी पाहिला असेल. त्याच्या पूर्वजांची पिसे भीमेच्या काठावर कोणा कारागिराने वेचली असतील, ही कल्पना मला अवास्तव वाटत नाही.

आपल्या हवामानाने या कसबाला स्वतःचे वेळापत्रक लावून दिले होते. पावसाळ्यात मोहिमा बंद असत. रानातले पक्षी याच सुमारास आणि त्यानंतर जुनी पिसे टाकीत. नदीकाठचा बोरू पाऊस सरल्यावर पिकून पिवळा पडे. खंडेनवमीला शस्त्रांची पूजा होई आणि दसऱ्याचे सीमोल्लंघन करून फौजा बाहेर पडत. चिकटविण्याचा सरस दमट हवेत वाळत नाही, तो भाद्रपद-आश्विनातल्या उन्हातच नीट धरतो. म्हणजे पिसे, काडी, सरस आणि मोहीम या चारही गोष्टी वर्षातल्या त्याच दोन महिन्यांच्या आसपास येऊन मिळत. हा मेळ मी तर्काने लावला आहे. पण ज्याने कधी पावसाळ्यात सरस लावून पाहिला आहे त्याला तो पटावा.

आता शिंगाच्या धनुष्याकडे वळू. उत्तरेकडून आलेल्या स्वारांचे धनुष्य लाकूड, म्हशीचे शिंग आणि स्नायू यांचे थर सरसाने जोडून केलेले, आखूड आणि अतिशय जोरकस असे. दक्षिणेतल्या पायदळाच्या बांबूच्या धनुष्यापेक्षा त्याचा झटका कितीतरी तीव्र. त्या झटक्याने काडी अधिक वाकते, म्हणून तिला लवकर ताळ्यावर आणण्यासाठी पिसाचे पाते लांब लागते. धनुर्वेदाने शार्ङ्ग, म्हणजे शिंगाच्या, धनुष्यासाठी सहाऐवजी दहा अंगुळे का सांगितली, याचा उलगडा मला असा वाटतो. चार पिसांचाही एक लाभ आहे. तीन पिसांचा बाण प्रत्यंचेवर विशिष्ट बाजूनेच चढवावा लागतो, नाहीतर एक पीस मुठीला आडवे येते. चार पिसांचा बाण कसाही फिरवून चढवला तरी चालतो. दौडत्या घोड्यावर, नजर शत्रूवर खिळलेली असताना, भात्यातला बाण न पाहता उपसून लावणाऱ्या स्वाराला याचे मोल किती वाटत असेल हे सांगावयास नको.

पण ही पिसे, हा सरस, हे स्नायू येत कोठून? गावगाड्याच्या बारा बलुत्यांत सुतार आहे, लोहार आहे, चांभार आहे, कुंभार आहे. बाण करणारा तीरगर नाही. अलुत्यांतही नाही. त्याला गावाकडून पेंढ्यांचे बलुते मिळत नसे, वतन नसे, आणि म्हणून वतनाच्या तंट्यांतून जे महजर आणि निवाडे लिहिले गेले, ज्यांच्या आधारे आपण जुन्या कारागिरांचा इतिहास रचतो, त्यांत त्याचा माग सहसा लागत नाही. त्याचा आश्रय म्हणजे कसब्याची पेठ, किल्ला किंवा लष्कराचा तळ. त्याचा व्यवहार रोकडीचा, आणि गिऱ्हाईक म्हणजे सरदाराचा शिलेखाना किंवा शिकारखाना. बाणाचा फाळ लोहार घडवी, काडी नदीकाठची. उरलेल्या तीन वस्तू, म्हणजे कातड्यापासून उकळलेला सरस, गुराच्या पाठीतून आणि पायांतून काढलेली तात, आणि गिधाडाचे पीस, या तिन्ही एकाच जागी मिळतात. ती जागा म्हणजे गावाबाहेरचे, मेलेली जनावरे ओढून नेण्याचे आणि फाडण्याचे ठिकाण.

हे मला या सगळ्या विषयातले सर्वांत महत्त्वाचे वाटते. ज्या सुवर्णपुंख बाणांची वर्णने महाकाव्यांनी केली, ज्यांची लक्षणे पंडितांनी श्लोकबद्ध केली आणि ज्यांचा विनोद राजांनी केला, त्या बाणांना सरळ नेणारे सामान ज्या लोकांच्या हातांनी गोळा होई, त्यांना गावाने वेशीच्या आत घर बांधू दिले नाही. मेलेल्या जनावराचे कातडे सोलणे, तात काढून वाळविणे, गिधाडांचा थवा उतरून उठला की मागे पडलेली पिसे वेचणे, हे श्रम ज्यांच्या माथी मारले होते, त्यांनाच कोणते पीस कोरडे, कोणते कीड लागलेले, कोणते पूर्ण पिकलेले आणि कोणते अजून रक्त धरलेले हे रोजच्या पाहण्याने कळत असणार. गिधाडाच्या पंखातले पीस हातभर लांब, त्याचा दांडा जाड, पाते रुंद आणि ताठ. एका मोठ्या पिसातून साडेसात इंचांचे तुकडेही सहज निघतात. दांडा उभा चिरावयाचा, आतला पांढरा भुसा खरवडून काढावयाचा, पात्याखालची पट्टी घासून सपाट करावयाची, म्हणजे ती काडीला उभ्या रेषेत बसते. मग सरस, आणि पुढच्या व मागच्या टोकांवर ओल्या तातीचे वेढे. तात वाळताना आवळते आणि पिसाला धरून ठेवते. या शेवटच्या क्रिया तीरगराच्या. पण त्याच्या आधीची निवड वेशीबाहेरच्या माणसाची, आणि त्या निवडीचा उल्लेख एकाही शास्त्रग्रंथाने केलेला नाही.

शिवछत्रपतींच्या पायदळात बंदुकी लोकांबरोबर तिरंदाजही होते. पण सतराव्या शतकाच्या अखेरीपासून बंदुकीने आणि भाल्याने तिरंदाजाला मागे सारले, आणि पेशवाईच्या कागदांत बाण म्हणून जो सरंजाम येतो तो पुष्कळदा दारूने उडणारा अग्निबाण असतो, पिसांचा नव्हे. शिलेखान्याची मागणी आटली तसा तीरगराचा धंदा बसला. कच्छातल्या कमानगरांनी धनुष्ये रंगविण्याचे कसब भिंतींकडे वळवले आणि त्यांची कमानगरी चित्रे आजही प्रसिद्ध आहेत. आपल्याकडच्या तीरगरांना अशी दुसरी वाट सापडल्याचे दिसत नाही. तीरकमठा जिवंत राहिला तो खानदेशच्या डोंगरांत भिल्लांच्या हाती. बांबूचे धनुष्य आणि त्याला बांबूच्याच कामटीची दोरी, असे ते साधे आणि खात्रीचे हत्यार. जेम्स औट्रमने १८२५ मध्ये याच भिल्लांची पलटण उभारून त्यांच्या हाती बंदुका दिल्या. पुढे १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने तर ‘शस्त्रे’ या शब्दाच्या व्याख्येत तलवारी, खंजीर आणि भाले यांच्याबरोबर धनुष्यबाणही घातला. रानातल्या माणसाच्या शिकारीचे साधन आणि शिलेखान्यातले हत्यार यांत सरकारी दफ्तराने फरक केला नाही, हे माझ्या मते त्या कायद्याचे मोठे अन्यायाचे अंग होते.

पिसाऱ्याच्या इतिहासातले सर्वांत दुःखद प्रकरण मात्र अगदी अलीकडचे आहे. १९९० च्या दशकात गिधाडे दिसेनाशी होऊ लागली. १९९२ पासून २००७ पर्यंतच्या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातील संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. कारण २००४ मध्ये सिद्ध झाले: गुरांना वेदनाशामक म्हणून टोचले जाणारे डायक्लोफिनॅक. ते टोचलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले, की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, २०२३ मध्ये त्याच जातीच्या केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक या औषधांवरही आली. पण गावाबाहेरच्या त्या जागेवर आज कुत्री दिसतात, गिधाड दिसत नाही. हजारो वर्षे ज्या ठिकाणाहून सरस, तात आणि पीस मिळत होते, त्या ठिकाणची साखळी एका इंजेक्शनाने तुटली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे गिधाडाचे किंवा ससाण्याचे पडलेले पीसही जवळ बाळगता येत नाही, आणि ते योग्यच आहे. मोराच्या शेपटीच्या पिसांपुरती सवलत आहे, पण ती पिसे बाणाच्या कामाची नाहीत हे वर आलेच आहे. म्हणून आज जुन्या पद्धतीने बाण करणारे जगभर टर्कीच्या किंवा पाळीव हंसाच्या पंखांतील पिसे वापरतात, आणि त्यांच्या पुड्यांवरही ‘डावे’ आणि ‘उजवे’ असे लिहिलेले असते.

नीरेच्या खोऱ्यात धनुर्विद्या पुन्हा आली आहे, हे सांगताना मला मनापासून आनंद होतो. फलटण तालुक्यातील सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये भारतातर्फे उतरला. साताऱ्याच्या अदिती स्वामीने आणि नागपूरच्या ओजस देवतळे याने २०२३ मध्ये बर्लिन येथे कंपाउंड धनुष्याची वैयक्तिक विश्वविजेतेपदे मिळविली. त्यांच्या बाणांना पीस नाही, प्लॅस्टिकचे पाते आहे. त्या खेळातील रिकर्व्ह धनुर्धर जी पातळ, वळवलेली पाती लावतात, तीही मात्र डावी आणि उजवी अशी दोन प्रकारची विकत मिळतात. पक्ष्याच्या पंखाने शिकविलेला तो कल कारखान्यातल्या यंत्रालाही सोडता आलेला नाही.

संग्रहालयांतील बाणांवर ज्या थोड्या ठिकाणी पिसाचा तुकडा तातीच्या वेढ्याखाली अजून अडकून राहिला आहे, तेथे काम करावयास अद्याप अवकाश आहे. पिसाच्या सूक्ष्म आकड्यांची आणि गाठींची ठेवण पक्ष्याच्या कुळागणिक निराळी असते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ती ओळखता येते; विमानांना धडकलेल्या पक्ष्यांची ओळख याच रीतीने पटवितात. आपल्या देशात २०२१ मध्ये अहमदाबादेस पक्ष्यांच्या पिसांचा शास्त्रशुद्ध संग्रह सुरू झाला आहे. पुण्या-मुंबईच्या संग्रहालयांनी आपल्या भात्यांतील बाण त्या नमुन्यांशी ताडून पाहिले, पिसाऱ्याच्या रेषा तीन की चार हे मोजले, त्यांची लांबी सहा अंगुळे भरते की दहा हे पाहिले, आणि एखाद्या तुकड्यावरून तो पक्षी बगळ्याच्या कुळातला की गिधाडाच्या एवढे जरी निश्चित केले, तर दख्खनात प्रत्यक्ष कोणते पीस वापरात होते हे कळेल आणि कंकपक्ष्याच्या वादालाही पहिला प्रत्यक्ष पुरावा मिळेल. हे काम खर्चाचे नाही. पण उरलेल्या पिसांना कसर लागण्यापूर्वी ते व्हावयास हवे.